आयएल-६ रोखणारी औषधे स्तनाच्या कर्करोगाच्या मॉडेलांवर कशी तपासावीत : प्रयोगशाळेतील मार्गदर्शक

आयएल-६ (इंटरल्युकिन-६) हे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या सायटोकाइन प्रथिनांपैकी एक. टोसिलिझुमॅब ही अँटिबॉडी माणसाच्या आयएल-६ रिसेप्टरला, म्हणजे हा निरोप ऐकणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, चिकटते; उंदराच्या रिसेप्टरला ती चिकटत नाही. ही गोष्ट प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे. नाहीतर कोणीतरी उंदराच्या स्तनकर्करोगाच्या ४टी१ पेशींवर हे औषध टाकतो, गाठ जशी वाढायची तशीच वाढते, आणि "या रोगात आयएल-६ ला महत्त्व नाही" असा निष्कर्ष प्रबंधात जाऊन बसतो. प्रत्यक्षात त्या प्रयोगात आयएल-६ एक क्षणही रोखले गेलेले नसते. सायटोकाइन रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या बहुतेक वेळा औषध निरुपयोगी असल्यामुळे फसत नाहीत. रोध झाला की नाही हे कोणी तपासलेलेच नसते, म्हणून त्या फसतात. त्यामुळे पुढची मांडणी मुद्दाम अशी ठेवली आहे की गाठ लहान झाली का, हा प्रश्न शेवटी येतो आणि संकेत थांबला का, हा आधी.

उदाहरण म्हणून ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोग आणि आयएल-६ ही जोडी घेतली आहे. या प्रकारात इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-२ ही तिन्ही लक्ष्ये नसतात, त्यामुळे हार्मोनवरील गोळ्या आणि हर-२ वरचे ट्रास्टुझुमॅब येथे उपयोगी पडत नाहीत, आणि नवे लक्ष्य शोधण्याची गरज येथेच सर्वांत जास्त आहे. रीत मात्र आयएल-८, आयएल-१ किंवा सीसीएल-२ या इतर सायटोकाइनांनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

साखळी नेमकी कोठे तोडायची ते ठरवा

आयएल-६ चे जनुक १९८६ मध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांच्या गटाने वेगळे केले. त्याचे काम असे चालते. आयएल-६ आधी आपल्या रिसेप्टरला चिकटते, मग हे दोघे मिळून जीपी-१३० या दुसऱ्या प्रथिनाला ओढून घेतात, जीपी-१३० च्या आतल्या बाजूला बसलेली जॅक एन्झाइमे जागी होतात आणि स्टॅट-३ या प्रथिनाच्या ७०५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतात. फॉस्फेट लागलेले स्टॅट-३ केंद्रकात जाते आणि जगणे, स्थलांतर व दाह यांच्याशी संबंधित जनुके चालू करते. रिसेप्टरचा एक सुटा तुकडा रक्तातही फिरत असतो; तो आयएल-६ ला घेऊन अशा पेशींवर जाऊन बसतो ज्यांच्याकडे स्वतःचा रिसेप्टर नाही, पण जीपी-१३० आहे. याला ट्रान्स-सिग्नलिंग म्हणतात, आणि जीपी-१३० जवळजवळ सर्वच पेशींवर असल्यामुळे ही वाट दिसते त्यापेक्षा बरीच रुंद आहे.

ही साखळी तोडण्याच्या जागा मोजक्या आहेत. सिल्टुक्सिमॅब थेट मानवी आयएल-६ ला पकडते. टोसिलिझुमॅब रिसेप्टर अडवते, मग तो पेशीवरचा असो की सुटा. रक्सोलिटिनिबसारखे छोटे रेणू आत जाऊन जॅक १ आणि २ थांबवतात. जीपी-१३० चा सुटा तुकडा अँटिबॉडीच्या शेपटीला जोडून बनवलेले प्रथिन मुख्यतः ट्रान्स-सिग्नलिंगवर काम करते. नवख्याला वाटते की यांपैकी कोणतेही एक आणले की पुरे. माझा सल्ला असा आहे की किमान दोन आणावीत, एक बाहेरून अडवणारे आणि एक आतून. कारण जीपी-१३० हे आयएल-६ च्या एकट्याच्या मालकीचे नाही. आयएल-११, लिफ आणि ऑन्कोस्टॅटिन-एम हीसुद्धा त्याच दरवाजातून आत येतात. रक्सोलिटिनिबने स्टॅट-३ वरचे फॉस्फेट उतरले, पण टोसिलिझुमॅबने उतरले नाही, तर तुमच्या पेशींत संकेत चालू आहे, फक्त तो आयएल-६ चा नाही. एवढे एका वेस्टर्न ब्लॉटवरून (प्रथिने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) कळते.

पेशी निवडा आणि त्या खरोखर त्याच आहेत याची खात्री करा

एमडीए-एमबी-२३१ ही सेल लाईन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयात एका ५१ वर्षांच्या स्त्रीच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून मिळाली. ती ट्रिपल निगेटिव्ह आहे, स्वतः भरपूर आयएल-६ आणि आयएल-८ सोडते, आणि बाहेरून काही न देताही तिच्यात स्टॅट-३ वर फॉस्फेट दिसते. तिच्यात केआरएएस आणि बीआरएएफ या दोन्ही जनुकांत बदल आहेत आणि हे स्तनाच्या कर्करोगात विरळ असते, त्यामुळे केवळ या एका लाईनवर "ट्रिपल निगेटिव्ह" असा शिक्का मारून निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. जोडीला एमडीए-एमबी-४६८ किंवा एसयूएम-१५९ घ्यावी. एमसीएफ-७ ही इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली लाईन येथे वेगळ्याच कामाची आहे: ती स्वतः आयएल-६ जवळजवळ करत नाही, पण बाहेरून दिले तर प्रतिसाद देते. रोध मोजण्यासाठी अशी कोरी पाटी फार उपयोगी पडते.

पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून किंवा अमेरिकेतील एटीसीसी या पेशीभांडाराकडून घ्याव्यात. शेजारच्या प्रयोगशाळेतून मैत्रीखात्यात आलेला फ्लास्क परत पाठवण्याची हिंमत ठेवावी. एमडीए-एमबी-४३५ ही लाईन कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि तिच्यावर ढीगभर शोधनिबंध निघाले. पुढे जनुकीय तपासणीत ती एम-१४ या मेलॅनोमाच्या लाईनशी जुळली. एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी तपासणी) करून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. ती प्रयोगाच्या सुरुवातीला करावी आणि निबंध पाठवण्याआधी पुन्हा एकदा करावी.

मायकोप्लाझ्माची (पेशींच्या फ्लास्कमध्ये नकळत वाढणारे अतिसूक्ष्म जीवाणू) पीसीआर तपासणी दर महिन्याला करावी. इतर प्रयोगांत मायकोप्लाझ्मा ही केवळ अस्वच्छता असते, येथे ती खोटे उत्तर देते, कारण मायकोप्लाझ्माच्या पृष्ठभागावरील लिपोप्रथिने पेशींना आयएल-६ आणि आयएल-८ सोडायला लावतात. पाण्यातले किंवा सीरममधले एंडोटॉक्सिनही (जीवाणूंच्या आवरणातले विष) फायब्रोब्लास्ट (ऊतीचा आधार विणणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या भक्षक पेशी) यांच्याकडून हेच करवून घेते. म्हणून सीरमचा एकच लॉट पूर्ण प्रयोगमालिकेसाठी राखून ठेवावा आणि त्याच्या लेबलवरचे एंडोटॉक्सिनचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये इन्क्युबेटरमध्ये बुरशी येणे हा जवळजवळ वार्षिक कार्यक्रम असतो. त्या दोन महिन्यांत पाण्याचा ट्रे दर आठवड्याला बदलावा, आणि लांब चालणारे गोलकांचे (पेशींच्या गोल पुंजक्यांचे) प्रयोग शक्य असेल तर नोव्हेंबरनंतर लावावेत.

एक छोटी पण नेहमीची चूक मीडियमची आहे. एटीसीसी एमडीए-एमबी-२३१ साठी एल-१५ मीडियम सुचवते, आणि ते साध्या हवेसाठी बनवलेले आहे. ते ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवले तर आम्लता बिघडते. बहुतेक प्रयोगशाळा डीएमईएम आणि १० टक्के सीरम वापरतात, आणि त्यात काही वावगे नाही. फक्त मध्येच बदलू नये.

औषध उघडण्याआधी मूळ पातळी मोजा

पहिले दोन आठवडे औषधाची कुपी फ्रीजमध्येच राहू द्यावी. या काळात तीन गोष्टी कळायला हव्यात: पेशी किती आयएल-६ सोडतात, त्यांच्यावर रिसेप्टर आणि जीपी-१३० आहेत का, आणि स्टॅट-३ किती जागे आहे.

आयएल-६ सँडविच एलायझाने (दोन अँटिबॉडींच्या मध्ये प्रथिन पकडून ते रंगावरून मोजणारी चाचणी) मोजावे. पेशी लावून त्या चिकटल्यावर मीडियम बदलावे, २४ तासांनी वरचे मीडियम काढून सेंट्रिफ्यूज करून गाळावे, लहान भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावे आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. किटच्या प्रमाणरेषेची वरची मर्यादा बहुधा मिलीलीटरमागे काहीशे पिकोग्रॅम असते आणि एमडीए-एमबी-२३१ चे मीडियम ती सहज ओलांडते, म्हणून पहिल्या वेळी मूळ, १:५, १:२० आणि १:१०० असे पातळ केलेले नमुने एकत्रच लावावेत. ४५० नॅनोमीटरवर वाचन घेऊन ५७० चे वजा करावे आणि प्रमाणरेषा सरळ न जोडता चार घटकांच्या वक्राने जोडावी. मीडियम काढल्यावर त्याच वेलमधल्या पेशी मोजायला विसरू नये. उत्तर "१ लाख पेशींमागे २४ तासांत इतके पिकोग्रॅम" अशा रूपात लिहावे. नाहीतर पुढे औषधाने पेशी कमी झाल्या की आयएल-६ कमी झाल्याचा भास होतो.

पेशींची दाटी येथे फार महत्त्वाची आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की कोलॅजेनच्या जेलमध्ये पेशी जसजशा दाट होतात तसतसे आयएल-६ आणि आयएल-८ एकमेकांच्या जोडीने वाढतात आणि पेशी अधिक वेगाने सरकू लागतात. दोन्ही रिसेप्टर टोसिलिझुमॅब आणि रेपारिक्सिन (आयएल-८ चे रिसेप्टर अडवणारे औषध) यांनी एकत्र अडवले की हा वेग उतरतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की सोमवारी ४० टक्के भरलेल्या आणि गुरुवारी ९० टक्के भरलेल्या फ्लास्कमधून काढलेले आकडे एका आलेखात बसत नाहीत. दाटी आधी ठरवावी, दर वेळी पेशी मोजून लावाव्यात, "नजरेने अर्धा फ्लास्क" ही पद्धत बंद करावी.

रिसेप्टर फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिच्यावरची प्रथिने मोजण्याची पद्धत) पाहावा. पेशी ट्रिप्सिनने उठवल्या तर पृष्ठभागावरची प्रथिने कापली जाऊ शकतात, त्यामुळे त्या ईडीटीएने किंवा सौम्य द्रावणाने सोडवाव्यात. पेशींवर रिसेप्टर फारच कमी आढळला तर सुटा रिसेप्टर देऊन ट्रान्स-सिग्नलिंगची बाजूही तपासावी.

रोध झाला का : सर्वांत महत्त्वाचा ब्लॉट

हा प्रयोग एमसीएफ-७ वर आधी करावा, कारण तिच्यात मागची गडबड कमी असते. सहा वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ३ लाख पेशी लावाव्यात. दुसऱ्या दिवशी सीरम काढून १६ ते १८ तास उपाशी ठेवावे. मग टोसिलिझुमॅबच्या चढत्या मात्रा, उदाहरणार्थ मिलीलीटरमागे ०.१, १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम, पेशींवर एक तास ठेवाव्यात. त्यानंतर मानवी आयएल-६ मिलीलीटरमागे २० नॅनोग्रॅम द्यावे आणि २० ते ३० मिनिटांनी प्लेट सरळ बर्फावर ठेवावी. सिल्टुक्सिमॅब वापरत असाल तर क्रम उलटा करावा लागतो: ते रिसेप्टरला नव्हे, आयएल-६ ला पकडते, म्हणून ते आधी आयएल-६ बरोबर अर्धा ते एक तास मिसळून ठेवावे आणि मग ते मिश्रण पेशींवर घालावे. वरची मात्रा पाहून दचकू नये; शिरेतून नेहमीची मात्रा दिलेल्या रुग्णाच्या रक्तात टोसिलिझुमॅबची शिखर पातळी मिलीलीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाते.

वेळ पाळणे कंटाळवाणे असले तरी अटळ आहे. स्टॅट-३ स्वतःच एसओसीएस-३ नावाचा लगाम तयार करते आणि दीड-दोन तासांत संकेत आपोआप उतरू लागतो. त्या उताराला औषधाचा परिणाम समजण्याची चूक होते. लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आणि सोडियम फ्लोराइड हवेतच, नाहीतर पेशींतली फॉस्फेटेझ तुमचे काम पुसून टाकतील. मेम्ब्रेन दुधाच्या पावडरीने झाकू नये, कारण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेट बाळगते, बीएसए (गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन) वापरावे. आधी फॉस्फेट लागलेले स्टॅट-३ पाहावे, मग मेम्ब्रेन धुऊन एकूण स्टॅट-३. पट्टी ८६ किलोडाल्टनच्या आसपास येते, आणि खाली ७९ च्या जवळ दुसरी फिकट पट्टी दिसली तर घाबरू नये, ते त्याच प्रथिनाचे आखूड रूप आहे.

या ब्लॉटवर संकेत बंद करणारी सर्वांत कमी मात्रा तुमची कामाची मात्रा. पुढचे सगळे प्रयोग तिच्यावर आणि तिच्या दहापटीवर करावेत.

कंट्रोलच्या बाबतीत एक अनुभव सांगतो, कारण तो मला पाच आठवड्यांना पडला. आमच्या हातात एका नव्या रोधक अँटिबॉडीचा अप्रतिम निकाल आला होता: ७२ तासांत निम्म्याहून अधिक पेशी मेल्या, मात्रेनुसार वक्रही पाठ्यपुस्तकातल्यासारखा. आयसोटाइप कंट्रोल (त्याच वर्गाची पण कशालाही न चिकटणारी अँटिबॉडी) होता, त्यात काहीच झाले नव्हते. आनंदाच्या भरात पेढेही आले. मग गटातल्या एका मुलीने दोन्ही कुपींची माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचली. अँटिबॉडीत टिकाऊपणासाठी सोडियम अझाइड घातलेले होते. आयसोटाइप दुसऱ्या कंपनीचा, त्यात ते नव्हते. अझाइड पेशीची श्वसनसाखळी थांबवते, आणि किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून सांगणारी एमटीटी चाचणी तर त्याच साखळीच्या जवळपासचे काम मोजते. अँटिबॉडी डायलिसिस करून धुतल्यावर तो सुंदर वक्र सपाट झाला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पेशींवर जाणारी प्रत्येक अँटिबॉडी अझाइडमुक्त असली पाहिजे, आयसोटाइप त्याच वर्गाचा आणि त्याच द्रावणातला असला पाहिजे, आणि रुग्णालयातल्या कुपीतले औषध वापरायचे असेल तर त्यातील पॉलिसॉर्बेट आणि साखर असलेले पण औषध नसलेले द्रावण तिसरा कंट्रोल म्हणून लावले पाहिजे.

आणखी एक सापळा एलायझाचा आहे. औषध दिल्यावर मीडियममधले किंवा रक्तातले आयएल-६ मोजून रोध झाला की नाही हे ठरवता येत नाही. सिल्टुक्सिमॅब आयएल-६ ला धरून बसते, त्यामुळे किटची अँटिबॉडी ते कधी पकडते, कधी नाही. टोसिलिझुमॅब दिल्यावर तर रुग्णांच्या रक्तातले आयएल-६ वाढते, कारण ते रिसेप्टरमार्फत उचलले जाणे थांबते. आकडा चढला म्हणून औषध हरले असे मुळीच नाही. मोजायचे ते स्टॅट-३, म्हणजे आयएल-६ ने केलेले काम.

आता परिणाम पाहा, पण योग्य प्रश्न विचारून

सायटोकाइन रोखणारे औषध हे पॅक्लिटॅक्सेलसारखे पेशी मारणारे केमोथेरपीचे औषध नव्हे. साध्या प्लेटवर, भरपूर सीरममध्ये, ७२ तासांच्या एमटीटीत ते पेशी मारील अशी अपेक्षा धरणेच चुकीचे आहे, आणि तेथे काही दिसले नाही म्हणून काम सोडून देणे त्याहून चुकीचे. ट्रिपल निगेटिव्ह पेशींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आयएल-६ आणि आयएल-८ ही दोन्ही एकत्र दाबल्यावर वाढीवर ठळक परिणाम दिसला. एकट्या-दुकट्याने तितका नाही. म्हणून वाढीची चाचणी करावी, पण ती मऊ अगारमध्ये किंवा न चिकटणाऱ्या प्लेटमधल्या गोलकांवर, कमी सीरममध्ये, ७ ते १४ दिवस, आणि दर तीन दिवसांनी अँटिबॉडी नव्याने देऊन. न चिकटणाऱ्या तयार प्लेटा महाग पडतात. ९६ वेलच्या साध्या प्लेटमध्ये दीड टक्के अगारोजचा ५० मायक्रोलीटर थर ओतला की वाटीसारखा तळ तयार होतो आणि त्यात गोलक छान बसतात.

स्थलांतरासाठी ८ मायक्रॉन छिद्रांचे ट्रान्सवेल (सच्छिद्र तळाची वाटी) वापरावे आणि वेळ २४ तासांच्या आत ठेवावी, म्हणजे पेशींची संख्या वाढून झालेला फरक स्थलांतर म्हणून मोजला जाणार नाही. ओरखड्याची चाचणी (पेशींच्या थरात रेघ ओढून ती किती वेळात भरते ते पाहणे) स्वस्त आणि देखणी आहे, पण माझ्या मते ती फक्त पहिली झलक म्हणून ठीक. पिपेटच्या टोकाने ओढलेल्या रेघेची रुंदी हात बदलला की बदलते, आणि ओरखड्याने मेलेल्या पेशींतून सांडलेले द्रव्य स्वतःच दाहाचे संकेत देते.

ज्या प्रयोगावर सर्वांत जास्त वेळ खर्च करावा असे मला वाटते तो फायब्रोब्लास्टचा. रुग्णाच्या गाठीत आयएल-६ चा मोठा वाटा कर्कपेशींकडून नव्हे, तर भोवतालच्या फायब्रोब्लास्टकडून येतो. शस्त्रक्रियेतून मिळालेल्या ऊतीपासून ते वाढवायचे असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती आधी घ्यावी लागते. ते ४ ते ८ पॅसेजमध्येच (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याची प्रत्येक खेप म्हणजे एक पॅसेज) वापरावेत, पुढे ते म्हातारे होतात आणि म्हाताऱ्या फायब्रोब्लास्टचे आयएल-६ आपोआप वाढते. या फायब्रोब्लास्टचे २४ तासांचे मीडियम एमसीएफ-७ वर घालावे, स्टॅट-३ पाहावे, मग तेच मीडियम टोसिलिझुमॅबसह घालावे. संकेत पूर्ण उतरला तर त्या मीडियममधला सक्रिय घटक आयएल-६ आहे. निम्माच उतरला तर लिफ किंवा ऑन्कोस्टॅटिन-एम शोधावे. पुढच्या पायरीवर दोन्ही पेशी एकत्र गोलकात वाढवाव्यात, कर्कपेशींना आधी हिरवा चमकणारा जीएफपी देऊन, म्हणजे वाढ नेमकी कोणाची झाली हे कळेल. लेंटिव्हायरसने जीएफपी घालायचे असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करावा लागतो. जेलसाठी मॅट्रिजेल वापरले तर ते उंदराच्या सार्कोमापासून बनते आणि त्यात वाढघटक असतात हे ध्यानात ठेवून कमी वाढघटकांचा प्रकार घ्यावा.

आकडेमोडीबद्दल एकच गोष्ट. एका प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, नव्याने पातळ केलेल्या औषधाने केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन. वेलची सरासरी काढून प्रत्येक प्रयोगाचा एकच आकडा आलेखात ठेवावा.

उंदीर : कोणाचे आयएल-६, कोणाचा रिसेप्टर

प्राण्यांवर जाण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. ही समिती १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीच्या नियमांनी चालते. अर्ज लिहिताना गटातील संख्या कशावरून ठरवली हे विचारले जाते, आणि ते विचारलेच पाहिजे. ३-४ उंदरांवर छोटी पूर्वचाचणी करून गाठीच्या वाढीतील चढउतार काढावा आणि त्यावरून संख्या ठरवावी.

आता प्रजातीचा प्रश्न. मानवी आयएल-६ उंदराच्या पेशींवर काम करते. उंदराचे आयएल-६ मानवी पेशींवर करत नाही. प्रतिकारशक्ती नसलेल्या एनएसजी उंदराच्या स्तनग्रंथीच्या मेदात एमडीए-एमबी-२३१ लावली की काय होते पाहा: गाठ मानवी आयएल-६ सोडते आणि त्याचा परिणाम गाठीवरही होतो, उंदराच्या यकृतावर आणि स्नायूंवरही होतो, पण उंदराच्या फायब्रोब्लास्टचे आयएल-६ गाठीला ऐकूच येत नाही. म्हणजे रुग्णात जो मुख्य पुरवठादार, तो या मॉडेलमध्ये मुका आहे. येथे टोसिलिझुमॅब दिले तर फक्त कर्कपेशींचे कान बंद होतात आणि उंदराचे शरीर आयएल-६ ऐकत राहते; सिल्टुक्सिमॅब दिले तर मानवी आयएल-६ दोघांसाठीही बंद होते. दोन औषधांचे निकाल वेगळे आले तर तो विरोधाभास नव्हे, ती माहिती आहे. मुका पुरवठादार बोलका करायचा असेल तर मानवी फायब्रोब्लास्ट कर्कपेशींबरोबर मिसळून लावावेत. आयएल-८ चे तर याहून अवघड आहे, कारण उंदराकडे आयएल-८ चे जनुकच नाही. केसी आणि एमआयपी-२ हे त्याचे काम सांभाळतात.

प्रतिकारशक्ती शाबूत ठेवून पाहायचे असेल तर बाल्ब-सी जातीच्या उंदरात ४टी१ लावावी आणि औषध म्हणून एमआर१६-१ ही उंदराच्या रिसेप्टरविरुद्धची अँटिबॉडी वापरावी. ती रॅटपासून (प्रयोगशाळेतला मोठ्या जातीचा उंदीर) बनवलेली असल्यामुळे कंट्रोलही रॅटचा आयजीजी-१ हवा, आणि उंदराचे शरीर काही आठवड्यांत तिच्याविरुद्ध स्वतःच्या अँटिबॉडी करू शकते हे गृहीत धरून प्रयोगाच्या अखेरीसही रोध टिकला होता का ते पाहावे. उंदरात सीआरपीवर (माणसात दाहाबरोबर रक्तात चढणारे प्रथिन) विसंबू नये, त्याच्यात दाहाबरोबर चढते ते सीरम अमायलॉइड-ए. तेच रक्तातून मोजावे, आणि प्रत्येक गटातील दोन-तीन गाठींत स्टॅट-३ पाहावे.

गाठ कॅलिपरने आठवड्यातून दोनदा मोजावी. लांबीला रुंदीच्या वर्गाने गुणून दोनने भागले की आकारमान येते. सगळ्या गाठी साधारण १०० घनमिलिमीटर झाल्यावरच उंदीर गटांत चिठ्ठ्या टाकून वाटावेत आणि एकाच पिंजऱ्यात दोन्ही गटांचे उंदीर ठेवावेत, म्हणजे पिंजऱ्याचा परिणाम औषधाच्या नावावर जाणार नाही. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. गाठ किती मोठी किंवा वजन किती उतरले की प्राणी शांतपणे संपवायचा, हे आधी लिहून ठेवावे. ४टी१ च्या बाबतीत एक सोय आहे: या पेशी ६-थायोग्वानिनला दाद देत नाहीत, त्यामुळे फुप्फुस बारीक करून त्या औषधाच्या मीडियममध्ये लावले की फक्त पसरलेल्या कर्कपेशींच्या वसाहती उगवतात आणि त्या सरळ मोजता येतात.

औषध थांबवल्यानंतरचा गट

हा गट बहुतेक जण लावत नाहीत, आणि तोच सर्वांत शिकवणारा असतो. बासेलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की उंदरांत सीसीएल-२ (मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावणारे सायटोकाइन) रोखले असता स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार दबतो, पण औषध थांबवताच अस्थिमज्जेत अडकून राहिलेल्या मोनोसाइट पेशी एकदम बाहेर पडतात, प्रसार उलट वेगाने होतो आणि उंदीर लवकर मरतात. या उसळीत आयएल-६ चा आणि रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफचा हात होता. औषध चालू असतानाच प्रयोग संपवला असता तर निकाल उत्तमच दिसला असता. म्हणून काही उंदरांमध्ये औषध तीन आठवड्यांनी बंद करून पुढे आणखी दोन-तीन आठवडे पाहावे, आणि ही तरतूद समितीकडच्या अर्जातच करावी, कारण मागाहून मुदत वाढवून घेणे अवघड जाते.

केमोथेरपीबरोबरची जोडी तपासताना चारही गट लागतात: काहीच नाही, फक्त पॅक्लिटॅक्सेल, फक्त रोधक, आणि दोन्ही. पॅक्लिटॅक्सेल स्वतःच पेशींकडून आयएल-६ आणि आयएल-८ सोडवून घेते, त्यामुळे रोधक आधी द्यायचे की नंतर, याने उत्तर बदलते. दोन्ही क्रम प्लेटवर पाहूनच उंदरावर जावे. प्रयोगशाळेतली आशा रुग्णापर्यंत टिकतेच असे नाही याची दोन उदाहरणे याच क्षेत्रात आहेत. आयएल-८ चे रिसेप्टर अडवणारे रेपारिक्सिन पॅक्लिटॅक्सेलबरोबर ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांना दिले तेव्हा रोग वाढेपर्यंतचा काळ लांबला नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्सोलिटिनिबच्या २०१८ मधील छोट्या चाचणीत गाठीतला जॅक-स्टॅट संकेत उतरला, पण गाठी आकुंचन पावल्या नाहीत. दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यांनी बायॉप्सीवर संकेत मोजला होता, आणि म्हणून "औषध पोहोचलेच नाही" ही पळवाट कोणाला उरली नाही.

प्रयोग संपतो त्या दिवशी प्रत्येक गाठीचे तीन भाग करावेत: एक फॉर्मालिनमध्ये, एक द्रव नायट्रोजनमध्ये आणि एक आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात. रक्त सेंट्रिफ्यूज करून सीरम लहान भागांत उणे ८० अंशांवर ठेवावे. कुपीवर प्राण्याचा क्रमांक लिहावा, गटाचे नाव लिहू नये, आणि गटांची यादी मोजणाऱ्याच्या हाती न लागेल अशा दुसऱ्या टेबलाच्या खणात ठेवावी. फ्रीजरच्या मागचा प्लग जनरेटरच्या लाईनवर आहे ना, तेही त्याच दिवशी वाकून पाहावे.